पाटावरचं नाव



आषाढ सरत आला की आमच्या कोल्हापुरात गणपतीच्या पाटांची ये-जा सुरू होते. गंगावेस, पापाची तिकटी, शाहूपुरी, बापट कॅम्प, जिथं जिथं कुंभारगल्ली आहे तिथं कुणी सायकलच्या कॅरिअरला बांधून, कुणी स्कूटरवर पायांपाशी उभा धरून घरचा पाट घेऊन येतो. पाटाच्या खालच्या अंगाला खडूनं आडनाव आणि गल्ली लिहिलेली असते. कुंभार विसार म्हणून थोडे पैसे घेतो, "औंदा केवढा करायचा?" एवढंच विचारतो आणि पाट भिंतीशी रांगेत लावतो. काही घरांचा पाट तीन-तीन पिढ्या एकाच कुंभाराकडे जातोय. मूर्ती पाण्यात विरघळते, पाट घरी परत येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात जातो.

मी चित्रकार आहे. जलरंगात काम करतो आणि लिनोकट छापतो. लहानपणी वडिलांबरोबर मीही पाट पोचवायला जायचो, तेव्हा मला त्या खडूच्या अक्षरांचं फार अप्रूप वाटायचं. मूर्ती घडायच्या आधीच ती कुणाच्या घरी जाणार हे ठरलेलं! पुढं चित्रकला शिकलो, चित्रं काढू लागलो, आणि वीसेक वर्षं एक प्रश्न मला सोडत नाहीये. मूर्तीसाठी कुठल्या दारात जायचं हे ज्या गावातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, त्या गावात चित्र हवं असलं तर कुणाकडे जावं, हे कुणालाच का ठाऊक नसतं?

चित्रं आमच्या गावाला नवी आहेत असंही नाही. इथं चित्रकाराला रस्त्यात हाक मारतात तीच मुळी "काय पेंटर!" अशी. बाबूराव मेस्त्री हे नाव आज कितीजणांना आठवतं? बाबूराव पेंटर म्हटलं की सगळ्यांना कळतं. आनंदराव आणि बाबूराव या भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि हे पडदे गावातली सगळी माणसं तिकीट काढून बघत होती. पुढं बाबूरावांनी कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आणला. आपल्या चित्रपटांची पोस्टरंही त्यांनीच रंगवली. म्हणजे चित्र लोकांपर्यंत पोचवायची विद्या या गावात होती. कलाकार पडदा रंगवायचा, पोस्टर रंगवायचा आणि गर्दीत उभा राहून लोक काय म्हणतात तेही ऐकायचा.

आणि याच गावात आबालाल रहिमान होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले, शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा यांचं पाणी आणि त्यावरचा उजेड त्यांनी जसा धरला तसा पुढं फार थोड्यांना जमला. टाउन हॉलच्या संग्रहालयात त्यांचं काम आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जरूर जावं. १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले. कोल्हापुरात पिढ्यानपिढ्या सांगतात, की त्या दुःखात आबालालांनी आपली कित्येक चित्रं कोटीतीर्थात बुडवली. किती बुडवली याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. त्या माणसाच्या दुःखाचा हिशेब आपण मांडू नये. पण कोटीतीर्थावरून जाताना माझ्या मनात दर वेळी एकच येतं. ती चित्रं मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत, घराघरांतल्या भिंतींवर गेली असती, तर ती तळ्यात जाऊच शकली नसती. कुणीतरी हात धरला असता. "हे माझं आहे, पेंटर," असं म्हणायला कुणीतरी असतं.

एका मोठ्या आश्रयदात्यापेक्षा चारशे रुपये देणारी दोनशे घरं मला जास्त भरवशाची वाटतात, ती यामुळं.

मी हे उशिरा शिकलो. सुरुवातीला इतरांसारखंच केलं. आठवडाभर कलादालन भाड्यानं घेतलं, पत्रिका छापल्या, पाहुणे बोलावले, समई लावली. दाराशी टेबलावर अभिप्राय वही ठेवली. सात दिवसांत वही जवळजवळ भरली. 'अप्रतिम!' 'रंगसंगती सुंदर.' 'पुढील वाटचालीस शुभेच्छा.' चित्रं विकली गेली दोन, आणि दोन्ही नात्यातल्यांनी घेतली. फार वाईट वाटलं तेव्हा. पण नंतर शांतपणे आठवलं, तर चूक माझ्याकडेही होती. एकाही चित्राखाली मी किंमत लिहिली नव्हती. किंमत विचारायला माणूस लाजतो. आपल्याला परवडणार नाही आणि ते चारचौघांत कळेल, या भीतीनं तो वहीत चांगलं काहीतरी लिहितो आणि निघून जातो. दोष त्याला कसा द्यायचा?

मुंबईला काळाघोड्यापाशी गेलात तर जहांगीर कलादालनाबाहेर फूटपाथवर चित्रकार बसलेले दिसतील. जहांगीर १९५२ सालचं. आतल्या दालनात तारीख मिळायला चित्रकाराला काही वर्षं वाट बघावी लागते. बाहेर मात्र झाडाखाली, उन्हात, धुळीत चित्रं मांडलेली असतात आणि शेजारी स्टुलावर काढणारा स्वतः असतो. मी तिथं एकदा दोन तास नुसता उभा होतो. ऑफिसला निघालेला माणूस थांबायचा, "केवढ्याला?" विचारायचा, पुढं जायचा, आणि संध्याकाळी परत यायचा. आत जाताना चप्पल काढावी की काय असं ज्यांना वाटतं, ती माणसं बाहेर मोकळेपणानं बोलत होती.

परत आलो आणि रविवारी सकाळी रंकाळ्यावर बसायला लागलो. एक फोल्डिंगचं टेबल, मागं दोरीला चिमट्यांनी अडकवलेले ठसे, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं किंमत.

लिनोकट म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. लिनोलियमचा चादरीसारखा तुकडा असतो. चित्र त्यावर उलटं उतरवायचं, डावं उजवीकडे. जे पांढरं हवं ते बारीक कोरणीनं काढून टाकायचं. उरलेल्या उंचवट्यावर रोलरनं शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी पळीच्या पाठीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घासायचं. कागद हळूच उचलताना जो चर्रर आवाज येतो, तो मला अजूनही पहिल्या वेळेसारखाच आवडतो. मी एका चित्राच्या २५ प्रती काढतो आणि प्रत्येकीवर क्रमांक घालतो: ७/२५, ८/२५. त्यानंतर तो ठसा पुन्हा छापत नाही. लोकांना हे समजावून सांगितलं की त्यांना ते फार पटतं. आपल्याकडचा सातवा आहे, आठवा कुणाकडे आहे, अशी चौकशी होते.

पहिल्याच महिन्यात मी एक म्हैस कोरली होती. गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभी असलेली, शेजारी धार काढणारा माणूस. एका रविवारी एक गवळी थांबले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पेंटर, ही कुठली म्हस म्हणायची?"

मी म्हटलं, "आपलीच की मामा. कट्ट्यावरची."

"आपली न्हवं. शिंगं वळलीत हिची, ही मुऱ्हा झाली. आपली पंढरपुरी. तिची शिंगं अशी मागं जात्यात, पार खांद्याच्या पल्याड." आणि त्यांनी हवेत दोन्ही हातांनी असा लांब बाक काढून दाखवला, की त्या रेषेपुढं माझी कोरणी फिकी पडावी.

लिनोत एकदा कोरून टाकलेलं परत भरता येत नाही. मी नवा तुकडा घेतला, त्यांच्या गोठ्यात दोन सकाळी जाऊन बसलो, आणि म्हैस पुन्हा कोरली. या वेळी शिंगं कागदाच्या कडेला टेकली. त्यांनी दोन प्रती घेतल्या, एक घरी आणि एक गोठ्याच्या पडवीत. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून त्यांना मिरवतात, पळवतात, तेव्हा त्यांनी आपल्या सगळ्या सोबत्यांना पडवीतलं चित्र दाखवलं. त्यानंतर माझ्याकडे जे पाच-सहाजण आले ते कुठल्याही कलादालनात कधी गेलेले नव्हते. आणि एक गोष्ट मी मनापासून सांगतो: ती म्हैस माझं आजवरचं चांगल्यातलं चांगलं काम आहे. दूरच्या शहरातल्या कुठल्याही जाणकारानं मला शिंगांची चूक दाखवली नसती.

आता पैशांचं बोलतो, कारण आपण कलाकार ते बोलायला कचरतो. माझा ठसा ४०० रुपयांना असतो. कागद, शाई, लिनो मिळून प्रतीमागं साधारण ७० रुपये जातात. कोरायला चार दिवस, छापायला दोन. सगळ्या २५ प्रती जायला बहुतेक वेळा वर्ष लागतं. यावर घर चालत नाही. मी शाळेत शिकवतोही. पण अशी सात-आठ चित्रं फिरती असली की रंग-कागदाचा खर्च निघतो, हातात थोडे उरतात, आणि मुख्य म्हणजे हात थांबत नाही. मोठं जलरंगाचं काम पाच-सहा हजारांना जातं, पण ते घेणारे बहुतेक सगळे आधी ४०० चा ठसा घेऊन गेलेले असतात. म्हणून तरुण चित्रकारांना माझं सांगणं असतं: टेबलावर काहीतरी असं ठेवा, जे कॉलेजच्या मुलीला स्वतःच्या पैशांनी घेता येईल. आणि मैत्रीखातर फुकट देऊ नका. हवं तर हप्त्यानं द्या.

ठेच लागायची तीही लागली. एका हॉटेलात मी आठ चित्रं लावायला दिली होती, विकली गेली की पैसे मिळणार या बोलीवर. लिहून काही घेतलं नाही. दीड वर्षानं पाच परत मिळाली, त्यातल्या तीन चित्रांना काचेच्या आत बुरशी. उरलेल्या तीन चित्रांचं काय झालं ते कुणी सांगू शकलं नाही. आणखी एकदा माझा रंकाळा मला मिठाईच्या खोक्यावर छापलेला दिसला; चित्र विकत घेतलं म्हणजे छापायचा हक्कही आला, अशी त्या दुकानदारांची प्रामाणिक समजूत होती. तसं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं तरी त्याच्या प्रती काढायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, लिहून दिल्याशिवाय जात नाही. मात्र कुणी पैसे देऊन स्वतःसाठी व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा तो हक्क काढून घेणाऱ्याचा होतो. हा फरक किती चित्रकारांना माहीत असतो? आता मी प्रत्येक चित्राबरोबर पावती देतो: नाव, माध्यम, आकार, वर्ष, किंमत आणि खाली एक ओळ, छपाईचा हक्क राखून ठेवल्याची. कुठं लावायला द्यायची असतील तर दुहेरी चलन करतो, सही घेतो. यात अविश्वास नाही. किराणा दुकानदार जे रोज करतो तेच हे.

'रंगबहार' संस्थेची 'मैफल रंगसुरांची' टाउन हॉलच्या बागेत होते, तेव्हा झाडांखाली चित्रकार काम करत असतात, गाणं चालू असतं, आणि लोक चित्रकाराच्या खांद्यामागं तासन्‌तास उभे राहतात. कोरा कागद, पहिला फिकट हात, मग झाड, मग झाडाखालची सावली. हे सगळं ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्याला त्या चित्राची किंमत जास्त वाटत नाही. म्हणून आम्ही चौघं मित्रमैत्रिणी आता रविवारी नुसती मांडामांड करत नाही, तिथंच बसून काम करतो. एकीचं मातीकाम असतं, एकजण पुस्तकं हातानं बांधतो. टेबलं जोडून लावतो, सुट्टे पैसे आणि क्यूआर कोड एकत्र, आणि एकाला चहाला जायचं असलं की दुसरा त्याच्या चित्राबद्दल सांगतो. खरं सांगू, दुसऱ्याचं चित्र विकताना संकोच वाटत नाही. स्वतःचं विकताना माझा आवाज अजून बारीक होतो.

गेल्या महिन्यात एक काकू आल्या. पिशवीतून सागवानी फ्रेम काढली, जुनी, कोपऱ्यांना खिळे दिसत होते. आत कॅलेंडरचं चित्र होतं, ते पिवळं पडून गेलं म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांनी केलेली आहे. टाकवत नाही. यात बसेल असं काहीतरी दिवाळीपर्यंत द्या. काय काढायचं ते तुम्हीच ठरवा, पण पाणी असू दे त्यात." मी विसाराचे पाचशे रुपये घेतले. फ्रेम उलटी केली तर मागच्या फळीवर त्यांनी घरूनच खडूनं आडनाव आणि गल्ली लिहून आणली होती.

ती फ्रेम माझ्या खोलीत भिंतीशी उभी आहे. आतलं माप दहा बाय चौदा भरतं, माझा नेहमीचा कागद अकरा बाय पंधराचा. म्हणजे चौकट आधी आखून घ्यायला हवी. पंचगंगेचा घाट घ्यावा की कोटीतीर्थ, ते अजून ठरत नाही. उद्या पहाटे कोटीतीर्थावर जाऊन बघणार आहे, उजेड कसा पडतो ते.