दर ज्याचा त्याने ठरवावा



आपण सारे कुणाचेही पगारदार नसलेले लेखक आणि जनसंपर्काची कामे करणारे. पुण्यातल्या या संमेलनासाठी नावनोंदणी करताना अनेकांनी एकच मागणी केली, की संमेलनाने दरपत्रक जाहीर करावे. त्यामागची तगमग मला कळते, पण मागणी पटत नाही. स्वतंत्र व्यावसायिकांनी मिळून दर बांधून घेतले, तर ते २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. शिवाय सोलापुरात नुकती सुरुवात केलेल्या मुलीचा आणि मुंबईत वर्षानुवर्षे औषध कंपन्यांसाठी लिहिणाऱ्याचा दर सारखा कसा असेल? दर ज्याचा त्याने ठरवावा. तो काढायचा कसा, हे मात्र एकमेकांना जरूर शिकवावे.

साधी प्रेसनोट घ्या. मजकूर जेमतेम तीनशे शब्दांचा. पण त्याआधी ग्राहकाशी तासभर बोलणे होते, आकडे पडताळावे लागतात, साहेबांचे अवतरण तीनदा बदलते, फोटोओळी लिहायच्या असतात, इंग्रजी मसुदा वेगळा करायचा असतो. मग पाने लागण्याआधी डेस्कवर पोहोचवायचे, फोन करायचे, दुसऱ्या दिवशी कात्रणे जमवायची. सहा तास सहज जातात. शब्दाला दोन रुपये घेतले, तर हातात सहाशे पडतात, म्हणजे तासाला शंभर. आता उलटा हिशेब करा. समजा, घर चालवायला महिन्याला साठ हजार लागतात आणि इंटरनेट, प्रवास, आरोग्य विमा, लॅपटॉपची झीज यांना पंधरा हजार. बिल लावता येईल असे तास महिन्यात शंभरच निघतात, कारण उरलेला वेळ कामे शोधण्यात आणि वसुलीत जातो. तासाला साडेसातशे आले. त्याच प्रेसनोटचे साडेचार हजार झाले. हा आकडा ग्राहकाला सांगताना जीभ चाचरता कामा नये.

‘बातमी छापून आली तरच पैसे’ ही अट मात्र कुणीही स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे. छापायचे की नाही, हा संपादकाचा अधिकार. त्यावर आपली मजुरी लटकवली, की पैसे देऊन बातमी लावण्याच्या वाटेला लागायला वेळ लागत नाही.

राहिली वसुली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा पुरवठादाराचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. लेखाचे हक्क देतानाही मुदत लिहून घ्या. ती लिहिली नाही, तर कॉपीराइट कायदा पाच वर्षे धरतो.

उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही. ती काम घेण्याआधी झालेली असावी, हे हिताचे. सभागृहाबाहेर आपले कार्यकर्ते मदतीला बसले आहेत. आधार आणि पॅन सोबत असेल, त्या प्रत्येकाने जेवणाच्या सुट्टीत नोंदणी उरकून घ्यावी, ही माझी आग्रहाची विनंती.