मेंदूचे छायाचित्र आणि मनाचा आजार

ज्या देवालयावरून चंडीगढ शहराला नाव मिळाले, त्या चंडीमंदिरात आता लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात भ्रम झालेल्या माणसाला आणले, की नातलग प्रथम विचारतात, ‘मेंदूच्या फोटोत काय दिसले?’

१९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या यंत्राने जिवंत रुग्णाच्या मेंदूचे पहिले छेदचित्र टिपले. १९७६ मध्ये ईव्ह जॉनस्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांना जुनाट छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या आढळल्या. हा आईच्या वागणुकीचा दोष, असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे चांगलाच शह बसला. पण तो फरक समूहाच्या सरासरीतला. एकट्या रुग्णाच्या चित्रावरून गाठ किंवा रक्तस्राव नाही एवढे कळते. छिन्नमनस्कतेचे निदान होत नाही. स्मृतिभ्रंशात चित्र अधिक बोलके असते. अल्झायमरच्या विकारात स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसू शकतो.

रुग्ण सावरेल का, याचे उत्तर मात्र वेगळ्याच वाटेने शोधावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ साली हाती घेतलेल्या दहा देशांच्या पाहणीत चंडीगढ आणि भोवतालची खेडी होती. विकसनशील देशांतले रुग्ण दोन वर्षांत अधिक प्रमाणात सावरले. ते का, हे छेदचित्रात उमटत नाही. म्हणून डॉक्टर आजही चित्र बाजूला ठेवून घरच्यांना विचारतात : झोप कशी आहे, बोलणे कधीपासून तुटक झाले, जेवायला एकत्र बसतो का?