आजचं रान आज पाहा
(देवळा येथील सभेतील भाषण)



रोहिणी सरत आल्या. 7-8 जूनला मृग निघेल. एक नक्षत्र 13-14 दिवसांचं. मृग, आर्द्रा म्हणता म्हणता पोळा येतो आणि वर्ष कुठं गेलं कळत नाही. कारण आपलं मन एक तर मागच्या कर्जात, नाही तर पुढच्या भावात. आजच्या रानात कोणीच नाही.

मी शेतकीची पदवी घेतलेला माणूस. तरी पहिल्याच सरीला घाईनं पेरलं. पावसानं ओढ दिली, दुबार पेरणी करावी लागली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हे पुस्तकात वाचलं होतं. माती उकरून ओल मात्र पाहिली नव्हती.

म्हणून आज एवढंच करा. ज्वारीचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. 75 उगवले तर बी चांगलं. पाऊस पडला की ओल हातानं पाहा. ओल पुरली की मात्र थांबू नका. उशिराच्या ज्वारीवर खोडमाशी पडते.

भावाची लढाईही हंगामातच लढायची असते. 1980 साली याच जिल्ह्यात शेतकरी कांदा-उसाच्या भावासाठी रस्त्यावर बसले, ते माल हाती असताना. माल विकल्यावर नुसती हळहळ उरते.