हाड मोडलेली बाई आणि तिचं अंथरूण

(बुलढाणा जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



साठी ओलांडलेली बाई न्हाणीत घसरते, खुब्याचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, "आता वय झालं, कशाला ऑपरेशन?" घरातल्या पुरुषाबाबतही हा निर्णय इतक्या झटकन होतो का, हे आपापल्या गावात तपासून पाहा. खुबा मोडला तर शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून माणसाला लवकर उठवावं, असं आज डॉक्टर सांगतात. मोडलेल्या हाडापेक्षा पडून राहणंच जिवावर बेततं.

एकाच अंगावर पडलं की माकडहाड, टाचा इथली कातडी दबते. आधी लाल डाग, मग जखम. तो डाग चोळू नका, तिथला दाब काढा. १९४४ पासून इंग्लंडात स्टोक मँडव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलायला लावली. तिथे त्यासाठी माणसं होती. आपल्याकडे एकटी सून रात्रभर उठते आणि सकाळी कापूस वेचायला जाते. ही सेवा नव्हे, वेठबिगारी आहे. पाळ्या लावा, मुलगा, नातू दोघांनाही.

आणि पाणी! सुनेला भांडं मागायची लाज, त्यात उन्हाळ्यात टँकरची वाट. म्हणून सासू पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, ताप, मलावरोध. भांडं मुलानं दिलं तर काय बिघडतं, हे मी उघड विचारते, लोक हसतात. हसू द्या.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली तर तेल लावून चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाते. लगेच दवाखाना गाठा. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर थेट १०८.

दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधी विचारून घ्या: कोणत्या कुशीवर वळवायचं, कधी बसवायचं, पायावर भार कधी द्यायचा? घोटे हलवणं, खोल श्वास घेणं हे बहुतेकींना पडल्यापडल्या जमतं. तेही दाखवून घ्या.

बचत गटाच्या पैशातून एक वॉकर आणि एक भांडं घेऊन ठेवता येईल. एकीचं काम झालं की धुऊन दुसरीच्या घरी.