काळ्या रानाचा फोटो

मंगळवेढ्याचं रान काळं, सपाट. ना डोंगर, ना दरी. फोटो कशाचा काढायचा? पण उन्हाळ्यात पायी हिंडलो, तेव्हा जमिनीच्या भेगा दिसल्या. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या दऱ्यांसारख्या उठून दिसतात; दहानंतर सगळं पुन्हा सपाट.

पहिला फोटो एका शेतकऱ्याला दाखवला. "ही आमची काळी न्हाई, माळाची दिसतीया," म्हणाला. खरंच होतं. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करडं धरून उजेड मोजतो, त्यात काळी माती फिकी पडते. याच मातीच्या ओलीवर रब्बीची मालदांडी पिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नव्हे. एक्स्पोजर दीड स्टॉप कमी करून पुन्हा काढला. तो फोटो त्यानं मागून घेतला.