सूचना लिहिणाऱ्याची परीक्षा



१९११ साली फ्रेडरिक टेलर यांनी 'शास्त्रीय व्यवस्थापना'चा सिद्धान्त मांडला, तेव्हा कामगाराच्या हाती लेखी सूचनापत्र देण्याची पद्धत त्यांनी पुरस्कारिली. विचार नियोजनकक्षाने करावा आणि कामगाराने सूचनेबरहुकूम हात चालवावेत, ही त्यामागील दृष्टी. परंतु सूचनापत्र सदोष निघाले, तर अनुभवी कामगार आपल्या शहाणपणाने ती चूक निस्तरू शके आणि सूचना लिहिणाऱ्याचे अज्ञान झाकले जाई. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात हाच प्रश्न आज नव्या रूपाने उभा आहे.

भाषिक प्रारूपे आता केवळ उत्तरे देत नाहीत. मुखत्यारासारखी कामेही करतात. त्यांनाच 'एजंट' म्हणतात. नोंद शोधणे, पत्र धाडणे, रक्कम वळती करणे, अशा कामांसाठी एजंटाला सॉफ्टवेअरची साधने दिलेली असतात. साधनाच्या पोटात काय आहे, हे त्याला सहसा दिसत नाही. दिसते ते साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवावी याची यादी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रोपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत प्रसिद्ध केला; त्यामुळे एकाने लिहिलेले साधन दुसऱ्याच्या एजंटाच्या हाती पडणे सुलभ झाले. अर्थात त्या चार ओळींचे महत्त्वही वाढले.

वर्णनात 'तारीख द्यावी' एवढेच लिहिले असेल, तर ३/४ म्हणजे आपल्याकडील ३ एप्रिल की अमेरिकेतील ४ मार्च? अनुभवी कारकून विचारून घेईल. एजंट विचारीलच, असे नाही. अँथ्रोपिकनेच डिसेंबर २०२४ मध्ये नोंदविलेला एक अनुभव असा : प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणारा एजंट मूळ निर्देशिकेतून बाहेर पडला की फाइलींच्या अपुऱ्या पत्त्यांमुळे चुकत असे. साधनाने नेहमी पूर्ण पत्ताच मागावा, असा बदल करताच त्या चुका थांबल्या. प्रारूप तेच राहिले; बदलले ते साधन. तेव्हा 'यंत्र चुकले' हा निवाडा पुष्कळदा अर्धवट असतो.

मग वर्णनाचे मूल्यमापन कसे व्हावे? कामे तीच, प्रारूप तेच, आणि बदल केवळ वर्णनात, ही पहिली अट. दुसरी अशी की, अंतिम यशाइतकीच वाटचालही तपासली पाहिजे : योग्य साधन निवडले काय, माहिती बिनचूक पुरविली काय, निष्कारण फेऱ्या मारल्या काय, आणि एकही साधन लागू नसताना हात आवरला काय? तिसरी अट पुनरावृत्तीची. सिएरा कंपनीच्या 'टाऊ-बेंच' या २०२४ मधील कसोटीत त्या वेळच्या अग्रगण्य प्रारूपालाही निम्म्याहून कमी कामे साधली. किरकोळ विक्रीच्या विभागात तेच काम आठही वेळा बिनचूक करण्याचे प्रमाण तर पाव हिश्शाहूनही खाली आले. एकदा जमले म्हणजे जमले, असे येथे म्हणता येत नाही. चौथी अट ही की, ज्या कामांवरून वर्णन सुधारले, त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेऊ नये; अन्यथा ती प्रश्नपत्रिका आधी वाटून घेतलेली परीक्षा ठरेल.

वर्णन जितके लांब तितके चांगले, हाही भ्रम होय. प्रत्येक शब्द एजंटाच्या मर्यादित अवधानातील जागा व्यापतो आणि त्याचे मोलही पडते.

यापुढील प्रश्न हितसंबंधांचा आहे. वर्णन लिहिणारा बहुधा साधनाचा निर्माताच असतो. त्याने वर्णनाची जाहिरात केली, तर एजंट तिलाच वस्तुस्थिती समजण्याचा संभव आहे. त्याहून गंभीर गोष्ट २०२५ च्या एप्रिलमध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेने दाखवून दिली : वर्णनातच छुपे हुकूम पेरले, तर वापरणाऱ्याच्या नकळत एजंट त्याची खाजगी माहिती बाहेर पाठवू शकतो. केवळ कार्यक्षमता मोजणारी परीक्षा असले वर्णन उत्तीर्ण करील. कारण एजंटाने सूचना तर तंतोतंत पाळलेली असते! म्हणून वर्णन एजंटाला किती चांगले चालविते, याबरोबरच ते त्याला कोणाच्या हितासाठी चालविते, हेही तपासणे अगत्याचे आहे.

उद्या एखाद्या कचेरीत एजंटाने वृद्धेचे निवृत्तिवेतन चुकीच्या खात्यावर वळते केले, तर जाब विचारला जाईल तो कागदावर सही करणाऱ्या कारकुनाला. वर्णन लिहिणारा कोठेच दिसणार नाही. कार्यकर्त्यांनी मागणी करावयाची ती याच ठिकाणी. सार्वजनिक कामात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक साधनाचे वर्णन खुले असावे. त्याची परीक्षा विक्रेत्याहून स्वतंत्र अशा परीक्षकांनी घ्यावी. निकाल जाहीर व्हावा. आणि ज्यांना त्या साधनाबरोबर काम करावयाचे आहे, त्या कर्मचाऱ्यांना प्रश्नपत्रिका काढण्यात वाटा असावा. काम कोठे अडते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

आज्ञा पाळणाऱ्याची परीक्षा जग नेहमीच घेत आले आहे. आज्ञा लिहिणाऱ्याची परीक्षा घेण्याचे साधन आता हाती आले आहे; ते वापरावयाचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.