चार्जिंगला किती वेळ लागतो?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत. जुन्या आठवणी इतरांनी सांगितल्याच, मी थेट पार्किंगमध्ये उतरतो. मागच्या सभेत एका सभासदांनी विचारलं होतं, "माझा मोबाइल तासाभरात चार्ज होतो, मग जिन्यातल्या दिव्यांच्या इन्व्हर्टरला रात्रभर का लागते? मोठा चार्जर लावा!" तेव्हा गोंधळात उत्तर राहून गेलं.

आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची, १५० अँपिअर-अवरची. तिला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १५ अँपिअरने भरायचं असतं. हिशेबाने दहा तास होतात, पण शेवटचा भाग ती फार सावकाश घेते, म्हणून बारा धरा. जबरदस्ती केली तर वीज साठण्याऐवजी आतल्या पाण्याचाच हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो. म्हणून तर ती खोली हवेशीर ठेवायची आणि डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं. चार्जरचा दोष नाही हो.

लिथियमचं वेगळं. बँकेत पेन्शनच्या दिवशी दार उघडलं की पहिली माणसं पटापट खुर्च्या पकडतात. नंतर येणाऱ्याला रिकामी खुर्ची शोधत फिरावं लागतं. लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांत असेच शिरतात. म्हणून मोबाइल ८० टक्क्यांपर्यंत धावतो आणि पुढे रेंगाळतो. फारच रेटा दिला तर कण आत न जाता बाहेरच धातू होऊन साचतात. बॅटरीचं आयुष्य घटतं, धोकाही वाढतो. ग्राफाइटच्या जागी लिथियम टायटॅनेट वापरलेल्या बॅटऱ्या दहा-पंधरा मिनिटांतही भरतात, पण त्या महाग आणि तेवढ्याच वजनात वीज कमी साठवतात. कॉर्डलेस फोनमधले निकेलचे सेल साध्या चार्जरवर चौदा-पंधरा तास घेतात, ते असो.

आता कबुली. गेल्या पावसाळ्यात माझ्या लिथियमच्या स्कूटरला मी शेजाऱ्यांच्या जुन्या, शिशाच्या बॅटरीवाल्या स्कूटरचा चार्जर लावला. त्यांनी नव्हता दिला, मीच उचलला. पिन बरोब्बर बसली, दोन्हींवर ४८ व्होल्ट लिहिलेलं. बँकेत आयुष्यभर सह्या ताडून पाहिल्या, पण इथे नुसता आकडा जुळला तर मी समाधानी! शिशाचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. माझी तेरा सेलची बॅटरी ५४.६ ला भरते. बॅटरीतल्या सर्किटने प्रवाह तोडला म्हणून निभावलं. रात्रीचे अकरा वाजले होते आणि वर चार मजले झोपलेले. ते सर्किट बिघडलेलं असतं तर? हे मी घरीसुद्धा आजच सांगतोय, सौ. पहिल्या रांगेत आहेत, त्यांची नजर मला दिसते आहे.

तेव्हा कमिटीला विनंती: पार्किंगमध्ये प्रत्येकाचा वेगळा पॉइंट, वेगळा मीटर आणि एमसीबी हवा, जिन्यातून लोंबणाऱ्या एक्स्टेन्शन वायरी बंद. खर्चाचा अंदाज मी वायरमनकडून लेखी घेतला आहे, पुढच्या सभेत मांडतो. तोपर्यंत दुसऱ्याचा चार्जर कोणी लावू नये, आणि झोपताना गाडी लावून ठेवू नये. माझ्या चार्जरवर मी पांढऱ्या रंगाने फ्लॅट नंबर आणि 'लिथियम' असं लिहिलंय. उरलेला रंग आणि ब्रश वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला आहे.